प्राण्यांच्या आवरणांची स्पर्शकार्डे : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

प्राण्यांचे गट आणि त्यांच्या शरीरावरील आवरणे यांची ओळख करून देणारा स्पर्शकार्डांचा हा संच आमच्या घरी काही महिन्यांपासून नियमित वापरात आहे. मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा असल्यामुळे दोन वेगळ्या वयांत तो कितपत उपयोगी पडतो, हे जवळून पाहता आले. प्रत्येक कार्डावर प्राण्याचे चित्र असून त्यात आवरणाचा भास देणारा तुकडा बसवलेला आहे. मागे सस्तन, पक्षी, सरपटणारे, उभयचर किंवा मासे असे गटाचे नाव आहे.

संचातील सर्वांत सरस कार्ड पक्ष्याचे, कारण त्यावर खरे पीस आहे. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंचे धागे बोटाने उलटे फिरवले की फाकतात आणि बुडाकडून टोकाकडे हलकेच ओढले की पुन्हा एकमेकांत अडकतात. त्या धाग्यांना फुटलेल्या बारीक फांद्यांवर सूक्ष्म आकडे असतात, म्हणून हे घडते. मुलीने हा प्रयोग कितीदा तरी केला, आणि खिडकीबाहेरचा पक्षी चोचीने पिसे का साफ करत बसतो, हे तिला वेगळे सांगावे लागले नाही. धाकट्याला एवढे समजत नाही. पण डोळे मिटून केस, पीस आणि खवले स्पर्शाने वेगळे ओळखणे त्याला चांगले जमू लागले आहे.

साप आणि मासा या दोन्ही कार्डांवर मात्र एकाच प्रकारचे खरखरीत प्लास्टिक वापरले आहे, आणि ही त्रुटी मला गंभीर वाटते. बहुतेक माशांचे खवले म्हणजे त्वचेत रुतलेल्या पातळ, हाडासारख्या कठीण चकत्या असतात. त्या सुट्या असतात आणि माशाबरोबर वाढतात. सापाचे खवले हा त्वचेच्या वरच्या थराचाच भाग असतो. तो थर सलग असल्यामुळे निरोगी साप बहुधा अखंड कात टाकतो आणि डोळ्यांवरचे पारदर्शक आवरणही तिच्याबरोबर निघते. दोन्ही कार्डे हाताला सारखीच लागली, तर मुलांनी हा फरक ओळखावा कसा? बेडकाचे कार्डही असेच कोरडे आणि गुळगुळीत आहे. बेडूक ओलसर त्वचेतूनही श्वसन करतो आणि ओलावा हा त्याच्या आवरणाचा गाभाच आहे, म्हणून आम्ही त्या कार्डावर दोन थेंब पाणी लावून मगच ते मुलांच्या हाती देतो.

खरी रंगत येते ती अवघड कार्डांनी. खवल्या मांजराचे कार्ड मुलीने न डगमगता सरपटणाऱ्या प्राण्यांत ठेवले, आणि केवळ आवरण पाहिले तर तिचे काहीच चुकले नव्हते. त्याचे पिल्लू आईचे दूध पिते आणि त्याच्या पोटावर खवल्यांऐवजी विरळ केस असतात, हे कळल्यावर तिने स्वतःच कार्ड उचलून सस्तन प्राण्यांत नेले. त्यानंतर साळिंदराचे काटे म्हणजे बदललेले केसच आहेत, हे तिला सहज पटले; कोंबडीच्या पायांवर खवले असूनही ती पक्षीच कशी, हे आता ती भावाला सांगते. गट ठरवताना एका आवरणावर विसंबून चालत नाही, ही समज इतक्या लहान वयात येऊ शकते, याचा मला फार आनंद झाला. मात्र त्यासाठीची माहिती पालकांनाच पुरवावी लागते, कारण कार्डामागे गटाच्या नावाखेरीज काहीही नाही.

सोबतच्या पुस्तिकेत कासव आपल्या ‘घरात’ राहते, असे वाक्य आहे. ते वगळायला हवे. कासवाच्या फासळ्या आणि पाठीच्या कण्याचा मोठा भाग कवचाशी जोडलेला असतो, त्यामुळे कवच सोडून बाहेर येणे त्याला शक्यच नसते. हे ऐकल्यापासून मुले कासवाचे कार्ड अधिक जपून हाताळतात.

टिकाऊपणाची तक्रार नाही. लोकरीच्या तुकड्याची एक कड सुटली होती, ती पुन्हा चिकटवली.

कीटकांचा समावेश नसणे ही मोठी उणीव आहे. कायटिनयुक्त कठीण बाह्यकवच असलेला आणि वाढताना ते टाकून देणारा जीव मुलांना घराबाहेर पाऊल टाकताच दिसतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हा संच मी अवश्य सुचवेन. मात्र सोबत बसून बोलायला मोठे माणूस हवे, आणि साप व माशाची कार्डे देताना दोन्ही खवल्यांतला फरक तोंडी समजावून सांगावा.