एमआयएस-सी: इम्युनोग्लोब्युलिन की स्टेरॉइड?
कोविडनंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी मुलाला एमआयएस-सी (शरीरातील अनेक अवयवांना सूज आणणारा गंभीर आजार) झाल्यास पालकांपुढे उपचाराचे हे दोन पर्याय येतात. रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनणारे इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचे औषध) वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम लागत असल्याने खर्च फार होतो. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड स्वस्त आणि सहज मिळणारे आहे. इम्युनोग्लोब्युलिन कित्येक तास सावकाश द्यावे लागते, दुबळ्या हृदयावर द्रवाचा भार येतो, शिवाय गोवराची लस लांबणीवर पडते. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढू शकते. मात्र ‘स्वस्त म्हणजे कमी गुणकारी’ हा समज २०२१ मधील बहुराष्ट्रीय अभ्यासाने खरा ठरवला नाही. कावासाकीसारखी (रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या बालआजारासारखी) लक्षणे असल्यास इम्युनोग्लोब्युलिन, शॉक (रक्ताभिसरण धोकादायकरीत्या कोलमडणे) असल्यास दोन्ही आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळत नसल्यास, अन्य गंभीर संसर्ग नाही हे तपासून, रुग्णालयातील देखरेखीखाली स्टेरॉइड योग्य ठरते.