डकपूलचा कृमी-खडक: ओहोटीच्या वेळी केलेल्या मार्गदर्शित फेरीचे परीक्षण

कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर, ब्यूडच्या थोडे पुढे, डकपूल नावाची लहानशी पुळण आहे. उधाणाच्या ओहोटीला पाणी पुरेसे मागे गेले, की तिथल्या खडकांवर वाळूच्या नळ्यांचे तपकिरी, मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे उंचवटे उघडे पडतात. सॅबेलारिया अल्व्हिओलाटा नावाचे, तीन-चार सेंटिमीटर लांबीचे समुद्री कृमी वाळूचे कण स्वतःच्या चिकट स्रावाने जोडत हे बांधकाम करतात. ते दाखवायला एक स्थानिक गट ठरावीक दिवशी लोकांना घेऊन जातो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला जाणाऱ्या ज्या मराठी वाचकांना जीवशास्त्रात रस आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

फेरीची सर्वांत जमेची बाजू म्हणजे जागेची निवड. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतले डग्लस विल्सन यांनी १९६१पासून अनेक वर्षे याच डकपूलच्या वसाहतींची नोंद ठेवली आणि १९६८मध्ये या कृमीच्या डिंभांवरचे (म्हणजे अंड्यातून निघालेल्या बाल्यावस्थेवरचे) आपले प्रयोग प्रसिद्ध केले. समुद्रात कित्येक आठवडे तरंगणारा हा डिंभ मिळेल त्या पृष्ठभागावर बसत नाही. आपल्याच जातीच्या कृमीने नळी बांधताना वापरलेल्या स्रावाचा स्पर्श झाला, की त्याचे रूपांतर चटकन सुरू होते, असे त्यांना आढळले. एवढा मोठा उंचवटा उभा राहतो तो या निवडीमुळेच, आणि ही निवड डिंभाच्या संवेदनेवर अवलंबून असते. आमच्या मार्गदर्शक बाईंनी हा धागा सुरुवातीलाच हाती घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. अशा फेऱ्यांत सहसा प्राण्यांची नावे भराभर सांगून पुढे जातात, त्यामुळे हे विशेष वाटले. त्या स्रावातला नेमका कोणता पदार्थ डिंभाला खूण पटवतो, यावर याच कुळातल्या कॅलिफोर्नियातल्या एका जातीच्या संदर्भात १९८०च्या दशकात संशोधकांत मतभेद झाले होते. काहींनी चिकट प्रथिनाकडे बोट दाखवले, तर काहींनी मुक्त मेदाम्लांकडे. हा भाग बाईंनी गाळला, आणि मला वाटते, तो सांगायला हवा होता.

पाण्याने भरलेल्या एका खळग्याशी थांबून त्यांनी प्रौढ कृमी दाखवला. नळीच्या तोंडाशी सोनेरी, चपट्या काट्यांच्या तीन ओळींचे झाकण होते, त्याच्या खालच्या बाजूने अन्न पकडणाऱ्या बारीक स्पर्शिका बाहेर येत होत्या, आणि हाताची सावली पडताच सारे आत ओढले गेले. झाकणाच्या दोन भागांच्या मध्ये, पाठीच्या बाजूला, या कुळात एक छोटा उंचवटाही असतो. त्याला मध्यवर्ती अवयव म्हणतात आणि तो संवेदनेचे काम करतो असे मानले जाते. २०१६मध्ये या कुळातल्या अनेक जातींच्या पुढच्या टोकाच्या संवेदी अवयवांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तुलना झाली, तेव्हा या अवयवाकडे विशेष लक्ष दिले गेले. उसन्या मिळालेल्या दहापट भिंगातून मात्र तो मला अजिबात दिसला नाही, आणि दिसेल अशी अपेक्षा ठेवून जाऊही नये.

फेरीत वाटलेल्या छापील माहितीपत्रकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यात 'खडक बांधणारे कृमी' या एकाच नावाखाली पंखा-कृमींचे (डोक्यावर पंख्यासारखा मुकुट पसरणाऱ्या नळीवासी कृमींचे) आणि चुनखडीच्या नळ्या बांधणाऱ्या सर्पुलिड कृमींचे डोळे सॅबेलारियाच्या खात्यावर टाकले आहेत. पंखा-कृमींच्या मुकुटावर, काही जातींत तर अनेक भिंगांचे, डोळे असतात. ते मेंदूजवळच्या साध्या नेत्रबिंदूंहून वेगळ्या प्रकारच्या प्रकाशग्राही पेशींचे बनलेले असतात आणि बहुधा सावली पडताच शरीर मागे खेचायला लावणारी धोक्याची घंटा म्हणून विकसित झाले आहेत. पंखा-कृमींचा मुकुट तोंडाजवळच्या जोडस्पर्शकांपासून घडला असे मानतात; सॅबेलारियात ते दोन स्पर्शक वेगळे शिल्लक असून भक्ष्य धरणाऱ्या स्पर्शिका त्यांच्याखेरीज आहेत. जनुकांच्या तुलनेतून मांडलेल्या रेणवीय वंशवृक्षातही सॅबेलारियाचे कुळ आता पंखा-कृमींपासून दूर, स्पायोनिड नावाच्या दुसऱ्या कृमीगटाजवळ ठेवले जाते. दोघेही नळीत राहतात, पुढच्या टोकावर जाळी पसरतात, सावलीला बिचकतात; पण त्यासाठी वापरलेले अवयव वेगवेगळे आहेत, आणि उत्क्रांतीची सगळी गंमत या फरकात आहे. पत्रकाने नेमका तो पुसून टाकला.

दुसरी गोष्ट गर्दीची. तीसएक माणसे, त्यांत धावणारी मुले, आणि सूचना देऊनही काही जण नळ्यांवरच उभे राहून छायाचित्रे काढत होते. नळीची कड फार ठिसूळ असते. बुटाखाली ती करकरत तुटते. बाईंनी दोनदा अडवले, पण एकटीने इतक्या लोकांवर लक्ष ठेवणे शक्यच नव्हते. गट निम्म्यावर आणला तर शुल्क वाढले तरी मी ते आनंदाने देईन.

जायचे ठरवले तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून उधाणाच्या ओहोटीचाच दिवस निवडावा, न घसरणारे बूट घालावेत आणि जमल्यास आपले भिंग सोबत न्यावे. लहान मुलांच्या सहलीपेक्षा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ही फेरी अधिक मानवेल.