ऑक्सफर्डची इन्स्पेक्टर मोर्स वॉकिंग टूर: जावं काय?

जावंच. आमच्या टिळकवाडीतल्या घरात बाबांना ब्रिटिश क्राईम सिरीयलींचं लई वेड, त्यात ऑक्सफर्डमधे खुनाच्या केसेस सोडवणाऱ्या इन्स्पेक्टर मोर्सची सिरीयल म्हणजे जीव की प्राण, म्हणून ताईकडे लंडनला गेलो तेव्हा ही टूर आधीच बुक करून ठेवलेली. १९८७ ते २००० मधे ३३च एपिसोड झाले, पण एकेक पिक्चरएवढा लांब आणि ऑक्सफर्ड शहर त्यात अक्षरशः एक पात्रच आहे बघा.

गाईडबाई जबरदस्त, रॅडक्लिफ कॅमेरा नावाच्या लायब्ररीची गोल घुमटाची इमारत दाखवतानाच मोर्सची लाल जॅग्वार गाडी, मोर्स झालेला नट जॉन थॉ, मोर्सच्या कादंबऱ्यांचे लेखक कॉलिन डेक्स्टर जवळपास प्रत्येक एपिसोडमधे क्षणभर कसे दिसून जायचे, सगळं एका दमात सांगितलं. पण खरी जागा म्हणजे एक्सेटर कॉलेजचं अंगण. शेवटच्या भागात मोर्स कोसळतो ते हेच. बाबांचे डोळे भरले, माझेपण.

तक्रार एकच, चालायचा स्पीड लई जास्त, गुडघेदुखीवाल्यांचे हाल होतात, मधे बसायला थोडा वेळ द्यायलाच पाहिजे. आणि सगळ्या कॉलेजांत आत सोडतीलच असं नाही, ते आधी विचारून घ्या.

रँडॉल्फ हॉटेलात मोर्स बार आहे, फॅन असाल तर चुकवू नका. लंडनच्या पॅडिंग्टनवरून ट्रेननं साधारण तासाभरात पोचता. लंडनला परत आल्यावर वेळ उरला तर चार्टरहाऊस स्क्वेअरला फ्लोरिन कोर्ट बघा, अगाथा ख्रिस्तीच्या डिटेक्टिव्ह प्वारोचं टीव्हीवरचं घर तेच.