थँक्सगिव्हिंगसाठी डेव्हिल्ड एग्ज: वाफेवर की पाण्यात, मेयो की चक्का, आदल्या रात्री की सकाळी?

थँक्सगिव्हिंग हा नोव्हेंबरातला अमेरिकी सण, आणि त्या दिवशी इकडच्या घरात ओव्हन कधीच मोकळा नसतो. सकाळपासून त्यात टर्की असते आणि ती निघाली की पाय (सारण भरून भाजलेली पेस्ट्री), स्टफिंग असं एकामागून एक आत जात राहतं. म्हणून आमच्याकडे जेवण असो की कुणी बोलावलेलं असो, मी डेव्हिल्ड एग्जची जबाबदारी घेते. ओव्हन लागत नाही, शेगडी अर्धा तास पुरते आणि वाढायची थंडच.

दिसायला सोपा पदार्थ आहे. उकडलेलं अंडं उभं चिरायचं, बलक मेयोनीज आणि मोहरीबरोबर घोटायचा, परत पांढऱ्या वाटीत भरायचा आणि वर पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) भुरभुरायची. पण पहिल्यांदा करताना तीन-चार ठिकाणी हात अडतो आणि विचारावं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. मी सगळे प्रकार करून पाहिले आहेत. प्रत्येकात काय मिळतं आणि काय जातं ते सांगते.

उकडायचं कशात?

सगळ्यात जास्त विचार इथे करा. सारण बिघडलं तर सुधारता येतं, फाटलेली वाटी सांधता येत नाही.

बहुतेकांच्या घरची पद्धत म्हणजे गार पाण्यात अंडी ठेवायची, उकळी आली की झाकण लावून गॅस बंद करायचा आणि दहा-बारा मिनिटांनी बर्फाच्या पाण्यात टाकायची. अंडी तडकत नाहीत, शिजतातही छान. पण पाणी सावकाश तापतं तसा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि सोलताना लचके निघतात. अंडाकरीत ते रश्श्याखाली झाकलं जातं, इथे लगेच दिसतं. अंडी थेट उकळत्या पाण्यात सोडली तर टरफल सहज सुटतं, पण फ्रिजमधून काढलेली एक-दोन तरी तडकतात.

इन्स्टंट पॉटचं (विजेवरच्या प्रेशर कुकरचं) पाच-पाच-पाच इकडे सर्रास चालतं: पाच मिनिटं प्रेशर, पाच मिनिटं तसंच ठेवायचं, पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात. सोलायला सगळ्यात सोपं हेच. मात्र पांढरा भाग जरा रबरी होतो आणि अधूनमधून एखादं अंडं फुटून वेडंवाकडं निघतं. तीन-चार डझन करायची असतील तर मीही हेच करेन.

डझन-दोन डझनांसाठी माझं मत वाफेला. पाण्याला खळखळून उकळी आली की फ्रिजमधली अंडी तशीच चाळणीत ठेवायची, झाकण लावायचं आणि बारा ते तेरा मिनिटं थांबायचं. मग लगेच बर्फाच्या पाण्यात. एकदम उष्णता लागल्यामुळे पांढरा भाग पापुद्र्याला चिकटायच्या आत आवळून येतो. तडकण्याचं प्रमाणही उकळत्या पाण्यापेक्षा कमी. गणपतीनंतर माळ्यावर गेलेलं मोदकपात्र खाली काढा, एका घाण्यात डझनभर अंडी आरामात मावतात. वेळ मात्र घड्याळ लावून मोजा. अंडी जास्त शिजली की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह मिळून बलकाभोवती हिरवट कडा धरते. ती खाल्ल्याने काही होत नाही, पण सारण मळकं दिसतं.

पद्धत कुठलीही घ्या, अंडी ताजी नकोत. ताज्या अंड्याचा पांढरा भाग टरफल सोडत नाही. आठ-दहा दिवस गेले की आतला कार्बन डायऑक्साइड टरफलातून निघून जातो, पांढऱ्याचा अल्कलीपणा वाढतो आणि पकड सैल होते. यूएसडीएचा (अमेरिकी कृषी खात्याचा) ग्रेड-शिक्का असलेल्या खोक्यावर विक्रीच्या तारखेजवळ तीन आकडी संख्या असते. अंडी वर्षाच्या कितव्या दिवशी खोक्यात भरली ते ती सांगते: 001 म्हणजे 1 जानेवारी. लीप वर्ष नसेल तर 27 नोव्हेंबर हा 331 वा दिवस, म्हणजे त्या दिवशी जेवण असेल तर 315 ते 320 च्या आसपासचं खोकं उचला. उकडायच्या आदल्या रात्री ते खोकं रबरबँड लावून आडवं ठेवलं तर बलक मधोमध राहायला मदत होते आणि दोन्ही वाट्या सारख्या निघतात.

सोललेली उकडलेली अंडी पाकिटात विकत मिळतात. वेळ वाचतो, पण ती घट्ट असतात आणि पाकिटातल्या पाण्याची आंबट चव राहते. सणाच्या ताटासाठी मी ती घेत नाही.

मेयो, लोणी की चक्का?

बारा अंड्यांच्या बलकाला साधारण अर्धा कप मेयोनीज, दोन चमचे मोहरीची पेस्ट, दोन चमचे व्हिनेगर, मीठ आणि मिरपूड. हे प्रमाण धरून चाला.

मेयोंतही फरक आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत लाडक्या असलेल्या ड्यूक्स या ब्रँडमध्ये साखर नसते, हेलमन्समध्ये किंचित असते (रॉकी पर्वताच्या पश्चिमेला हाच मेयो बेस्ट फूड्स नावाने मिळतो). मिरॅकल व्हिप दिसायला तसंच असलं तरी चव गोड आणि मसालेदार. यजमानांच्या घरी तेच वापरत असतील तर गोष्ट वेगळी, एरवी टाळा.

काहीजण निम्मा मेयो आणि निम्मं मऊ लोणी घालतात. फ्रिजमध्ये ते घट्ट बसतं, त्यामुळे तासभर गाडीने न्यायचं असेल तर हा प्रकार उत्तम. खाताना मात्र जड लागतो.

हलकं हवं म्हणून ग्रीक योगर्ट घालायचा मोह होतो. मीही घातलं होतं. दोन तासांत वाट्यांच्या तळाशी पाणी सुटलं. दहीच हवं असेल तर श्रीखंडाला बांधतो तसा कोरडा चक्का घ्या, तोही मेयोच्या निम्मा आणि वाढायच्या दिवशीच. माझ्या घरी सणाला पूर्ण मेयो असतो. वर्षातून एकदा, माणशी दोन वाट्या, त्यात हात आखडायला नको.

मोहरी कुठली?

इंग्रजी पाककलेत ‘डेव्हिल्ड’ हा शब्द अठराव्या शतकापासून आहे आणि त्याचा अर्थ मोहरी-मिऱ्याने झणझणीत केलेलं. चर्चमधल्या जेवणाला सैतानाचं नाव नको म्हणून काही भागांत यांना स्टफ्ड किंवा ड्रेस्ड एग्ज म्हणतात. म्हणजे या पदार्थाचा जीव मोहरीत आहे, आणि नेमकी तीच बऱ्याच ताटांत मिळमिळीत असते.

अमेरिकी पिवळी मोहरी पांढऱ्या मोहरीच्या दाण्यांची. तिचा तिखटपणा जिभेवरच राहतो, आणि तो पिवळा रंग हळदीचा. दिजाँ ही फ्रेंच पद्धतीची पेस्ट तपकिरी दाण्यांची, ती नाकापर्यंत पोहोचते. आणि तिसरी आपली. लोणच्याला फेसतो तशी मोहरीची डाळ.

चमचाभर डाळ बारीक करा, गार पाणी घालून खूप फेसा आणि दहा मिनिटं ठेवा. डोळ्यांत पाणी आलं की मगच व्हिनेगर घाला. मोहरीतला तिखटपणा पाणी लागल्यावर तयार होतो आणि आंबट आधी पडलं तर तो नीट चढत नाही. बारा अंड्यांना ही चमचाभर मोहरी आणि अर्धा चमचा दिजाँ. अमेरिकी शेजाऱ्यांकडे जाताना मी नुसती दिजाँ वापरते, घरी मराठी मंडळी असली की फेसलेली. एकदा फेसलेली चुकून शेजाऱ्यांकडे गेली. त्यांच्या आजींनी तिसरी वाटी उचलल्यावर कृती विचारली.

गरम मसाला, चाट मसाला घालायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. कच्चा मसाला थंड बलकात चरचरतो आणि मोहरीला दाबतो. हिरवी मिरची-कोथिंबीर चांगली लागते, पण ती आयत्या वेळी, कारण रात्रभरात कोथिंबीर काळी पडते. वर भुरभुरायला घरातलं लाल तिखट तर नकोच. पॅप्रिका बहुतेक रंगापुरती असते, तिखट तितकंच पडलं तर पोरं रडतील. पॅप्रिका नसेल तर ब्याडगीची पूड गाळणीतून, चिमूटभर.

आदल्या रात्री की सकाळी?

दोन्ही, वाटून. अंडी आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी उकडून सोला. वाट्या ओलसर पेपर टॉवेल घालून डब्यात ठेवा, सारण झिपलॉकच्या पिशवीत हवा काढून बंद करा. सणाच्या दिवशी, गुरुवारी निघायच्या आधी पिशवीचा कोपरा कापून भरा, दहा मिनिटांचं काम. रात्रीच भरून ठेवलं तर सारणावर साय धरते. टेबलावर दोन तासांहून जास्त ठेवू नका. जेवण लांबणार असेल तर ताटाखाली बर्फ पसरा. खळग्यांचं खास ताट असेल तर छानच, नाहीतर प्रत्येक वाटीचा तळ किंचित छाटला की ती घसरत नाही.

मोजणी करताना वार लक्षात घ्या. थँक्सगिव्हिंग नेहमी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो आणि आपल्यातली बरीच मंडळी गुरुवारी अंडं खात नाहीत. 2025 मध्ये तर मार्गशीर्षातला पहिला गुरुवार त्याच दिवशी, 27 नोव्हेंबरला होता. म्हणून मराठी घरी माणशी दोन वाट्या धरण्याआधी विचारून घ्या. न खाणाऱ्यांसाठी लहान बटाटे उकडून अर्धे करा, मधे कोरा आणि निघालेला बटाटा चक्का, फेसलेली मोहरी आणि मीठ घालून घोटून त्यातच भरा. मेयो त्यात नको, साध्या मेयोत अंडं असतंच. ताट वेगळं ठेवा आणि चमचाही.