सुपरगर्ल, स्पायडर-मॅन आणि डूम्सडे : कोणाचा गल्ला मोठा, कोणाची गोष्ट खरी

२०२६ या एका वर्षात मोठ्या पडद्यावर चार सुपरहिरोपट येत आहेत. २६ जूनला ‘सुपरगर्ल’, ३१ जुलैला ‘स्पायडर-मॅन : ब्रँड न्यू डे’, १८ डिसेंबरला ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’ आणि या मोठ्या नावांच्या सावलीत ‘क्लेफेस’ नावाचा एक लहानसा भयपट. हे लिहीत असताना यांपैकी एकही प्रदर्शित झालेला नाही, त्यामुळे पुढे जे म्हटले आहे ते जाहीर झालेली माहिती, झलकी आणि आधीच्या चित्रपटांचा अनुभव यांवर बेतलेले आहे. या प्रकारावर माझे मनापासून प्रेम आहे आणि गेल्या काही वर्षांत त्याची झालेली पडझड मला लागली आहे, म्हणूनच हा हिशेब मी जरा सविस्तर मांडणार आहे.

कमाई आणि दर्जा यांची गल्लत नेहमी होते. माझ्या मते पहिल्या शनिवार-रविवारचा गल्ला नावाचा असतो आणि दुसऱ्याचा चित्रपटाचा. पहिल्या तीन दिवसांत लोक जातात ते नायकाच्या ओळखीमुळे, जाहिरातीमुळे आणि आगाऊ काढलेल्या तिकिटांमुळे. चित्रपट कसा आहे हे तोवर कोणालाच ठाऊक नसते. दुसऱ्या आठवड्यात जे जातात ते कोणीतरी ‘बघच’ म्हणून सांगितल्यामुळे. तिकिटाच्या पैशांतला साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे जातो, जाहिरातीचा खर्च वेगळाच, त्यामुळे निर्मितीखर्चाच्या अडीचपट गल्ला जमल्याशिवाय चित्रपट सुटला असे या धंद्यात मानत नाहीत. एवढी मजल केवळ नावावर मारता येत नाही.

२०२५ सालाने हे लख्ख दाखवून दिले. फेब्रुवारीत आलेल्या ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत जवळपास ९ कोटी डॉलर मिळवले आणि दुसऱ्या आठवड्यात तो दोन तृतीयांशाहून अधिक घसरला. चित्रपटगृहाबाहेर प्रेक्षकांची मते नोंदवणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेच्या पाहणीत त्याला ‘बी उणे’ श्रेणी मिळाली, जी मार्व्हलच्या मालिकेत तोवर कोणालाच मिळाली नव्हती. जगभरातली त्याची कमाई सुमारे ४१ कोटींवर थांबली. मे महिन्यात आलेला ‘थंडरबोल्ट्स’ त्याहून कितीतरी चांगला होता. एकटेपणा आणि निराशा यांच्याकडे त्याने खऱ्या गांभीर्याने पाहिले, प्रेक्षकांनी त्याला ‘ए उणे’ दिले, दुसऱ्या आठवड्यातली घसरणही बेताची राहिली. तरीही तो ३८ कोटींच्या आसपासच पोहोचला, कारण पहिल्या तीन दिवसांत त्याच्याकडे फारसे कोणी फिरकलेच नाही. त्यातल्या पात्रांना सामान्य प्रेक्षक नावाने ओळखत नव्हता. चांगला चित्रपट टिकतो हे खरे, पण टिकायला आधी काहीतरी जमलेले असावे लागते.

जुलैमधली झुंज याहून बोलकी ठरली. ११ जुलैला जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’ आला आणि दोनच आठवड्यांनी ‘फँटॅस्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’. अमेरिकेतली सुरुवात दोघांचीही जवळपास सारखीच होती, एकाची साडेबारा कोटी तर दुसऱ्याची पावणेबारा कोटी. प्रेक्षकांनी श्रेणीही दोघांना एकच दिली. मात्र दुसऱ्या आठवड्यात ‘सुपरमॅन’ ५३ टक्के घसरला आणि ‘फँटॅस्टिक फोर’ ६६ टक्के. अखेरीस पहिल्याने जगभरात सुमारे ६१ कोटी मिळवले, दुसऱ्याने सुमारे ५२ कोटी. ‘फँटॅस्टिक फोर’ वाईट नव्हता. त्याची साठच्या दशकातली सजावट आणि कुटुंबाचा जिव्हाळा मला आवडला. पण त्यातून बाहेर पडल्यावर दुसऱ्याला आवर्जून सांगावे असा प्रसंग चटकन आठवत नव्हता, आणि ‘सुपरमॅन’मधला तो द्वाड कुत्रा मात्र सर्वांच्या तोंडी होता.

त्या कुत्र्यापासूनच ‘सुपरगर्ल’कडे येता येते. ‘सुपरमॅन’च्या शेवटी कारा, म्हणजेच सुपरगर्ल, आपला कुत्रा क्रिप्टो परत न्यायला येते. ती झिंगलेली आहे, धड उभीही राहू शकत नाही, आणि पिवळ्या सूर्याखाली तिला नशा चढत नाही म्हणून ती लाल सूर्याच्या ग्रहांवर जाऊन पिते हे आपल्याला जाता जाता कळते. प्रसंग विनोदी आहे, पण त्याच्या तळाशी मोठे दुःख आहे. तिचा चुलतभाऊ क्लार्क, म्हणजे सुपरमॅन, तान्हेपणी पृथ्वीवर आला, त्याला गेलेल्या जगाची आठवणच नाही. काराने आपली माणसे डोळ्यांदेखत मरताना पाहिली आहेत. ज्या ‘वुमन ऑफ टुमारो’ या कॉमिकवर हा चित्रपट आधारलेला आहे त्याचे सारे बळ याच फरकात आहे. रूथी नावाची एक मुलगी बापाच्या खुन्याचा सूड घ्यायला निघते, कारा तिच्याबरोबर जाते आणि सूड घेतल्यावर हाती काय उरते हा प्रश्न दोघींना सोडत नाही. कथेचा पाया इतका पक्का असलेला दुसरा चित्रपट या चौघांत नाही, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

दिग्दर्शक क्रेग गिलेस्पी यांनी ‘आय, टॉन्या’ आणि ‘क्रुएला’ हे चित्रपट केले आहेत, म्हणजे काट्याकुट्यांच्या, सहजासहजी आवडू नयेत अशा स्त्रिया त्यांना चांगल्या समजतात. मिली ऑल्कॉकने ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’मध्ये नुसत्या नजरेने काय साधले होते तेही आपण पाहिले आहे. काळजी आहे ती कॉमिकच्या उदास, काहीशा काव्यात्म सुराची. झलकीत गाणी आणि टवाळखोरपणा जास्त दिसतो, जेसन मोमोआचा लोबो मूळ कथेत नसूनही येथे आहे, आणि त्याच्या दांडगाईत रूथीचा धागा दबून गेला तर चित्रपटाचा प्राणच जाईल.

कमाईच्या बाबतीत मी आणखी साशंक आहे. सुपरगर्ल हे नाव सर्वांना माहीत आहे, पण केवळ तिच्यासाठी चित्रपटगृहात जाणारा प्रेक्षक अजून तयार झालेला नाही. १९८४ मधला तिचा चित्रपट पडला होता. त्यात तारीख अडचणीची आहे. आदल्याच आठवड्यात ‘टॉय स्टोरी ५’ येतो आणि पुढच्याच आठवड्यात ‘मिनियन्स’चा तिसरा भाग, त्यामुळे मुलाबाळांना घेऊन येणारे कुटुंब दोन्ही बाजूंनी ओढले जाणार. ३५ ते ५० कोटी डॉलरच्या दरम्यान हा चित्रपट थांबेल असा माझा अंदाज आहे. तो चुकावा आणि आकडा वर जावा अशी माझी फार इच्छा आहे.

‘ब्रँड न्यू डे’बद्दल मात्र मला दोन्ही बाजूंनी विश्वास वाटतो. त्याचे कारण आधीच्या चित्रपटाच्या शेवटात आहे. २०२१ मध्ये ‘नो वे होम’ पाहताना तीन पिढ्यांचे स्पायडर-मॅन एकत्र आल्यावर झालेला जल्लोष सर्वांच्या लक्षात राहिला, पण माझ्या लक्षात राहिला तो एक कागद. जगातले कोणीच आता पीटर पार्करला, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडर-मॅनला, ओळखत नाही. त्याची प्रेयसी एमजे जिथे काम करते त्या कॉफीच्या दुकानात तो येतो, तिला काय सांगायचे ते त्याने कागदावर लिहून आणले आहे. तिच्या कपाळावरच्या जखमेची पट्टी त्याला दिसते आणि तो कागद तसाच खिशात जातो. थोड्याच वेळापूर्वी शिट्ट्या वाजवणारे ते चित्रपटगृह त्या क्षणी अगदी गप्प झाले होते. नंतर तो भाड्याच्या एका खोलीत शिवणयंत्रावर आपला पोशाख स्वतः शिवतो. एखाद्या मालिकेला पुढच्या गोष्टीसाठी याहून सुपीक जमीन मिळत नाही: श्रीमंत गुरू नाही, यंत्रे नाहीत, मित्र नाहीत, फक्त एक मुलगा आणि त्याचे शहर.

ही जमीन नव्या दिग्दर्शकाच्या हाती आली आहे. डेस्टिन डॅनियल क्रेटन यांनी ‘शांग-ची’च्या आधी ‘शॉर्ट टर्म १२’ हा लहानसा चित्रपट केला होता, ज्यात दुखावलेली मुले आणि त्यांना सांभाळणारी, स्वतःही दुखावलेली तरुण माणसे यांच्याकडे त्यांनी अतिशय हळुवारपणे पाहिले होते. एकट्या पडलेल्या पीटरला हाच दिग्दर्शक हवा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्लासगोच्या रस्त्यांवर चित्रीकरण झाले तेव्हा भर दिवसा, खऱ्या इमारतींमध्ये, खऱ्या कापडाच्या पोशाखातला नायक दिसला, आणि हिरव्या-निळ्या पडद्यांसमोर उभ्या केलेल्या निर्जीव जगाला विटलेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला फार बरे वाटले. शंका एकच आहे: पनिशर आहे, हल्क आहे, सेडी सिंकची भूमिका गुलदस्त्यात आहे. माणसाच्या एकटेपणाची गोष्ट सांगायची आणि घर पाहुण्यांनी भरायचे, हे जुळवणे कठीण आहे.

‘नो वे होम’ने जगभरात सुमारे १९२ कोटी डॉलर मिळवले, आणि तेही चीनमध्ये प्रदर्शित न होता. नव्या चित्रपटाकडून तेवढी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, कारण टोबी मॅग्वायर आणि अँड्र्यू गारफील्ड या आधीच्या दोन स्पायडर-मॅनच्या पुनरागमनाची ती लाट पुन्हा उठणार नाही. सध्याचा स्पायडर-मॅन टॉम हॉलंडच्या आधीच्या दोन चित्रपटांचे ८८ आणि ११३ कोटी हे आकडे मला अधिक रास्त मापदंड वाटतात. १७ जुलैला ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘द ओडिसी’ येतो, तो संपूर्णपणे आयमॅक्स कॅमेऱ्यांवर चित्रित झाला आहे, त्यामुळे ते महाग, मोजकेच असलेले पडदे स्पायडर-मॅनला सहजी मिळणार नाहीत. तरीसुद्धा ११० ते १४० कोटी ही मजल त्याच्या आवाक्यात आहे. मार्व्हल थकले असे कोणी म्हणाले तरी स्पायडर-मॅनच्या बाबतीत प्रेक्षक थकलेला मला कुठे दिसला नाही.

आता ‘डूम्सडे’. कमाईच्या शर्यतीत या वर्षी तो पहिला येईल याबद्दल मला शंका नाही, आणि दर्जाबद्दल सर्वांत जास्त धास्तीही याच चित्रपटाची वाटते. मार्च २०२५ मध्ये मार्व्हलने पाच तासांहून अधिक वेळ एक प्रक्षेपण चालवले, ज्यात एकामागून एक खुर्च्या दिसत होत्या आणि त्यांच्या पाठीवर कलाकारांची नावे. सत्तावीस खुर्च्या झाल्या आणि अखेरीस रॉबर्ट डाउनी ज्युनियर स्वतः समोर आला. जाहिरात म्हणून हे विलक्षण होते. लोक खुर्च्या पाहत बसले. पण लेखक म्हणून विचार केला की छातीत धस्स होते. जुने एक्स-मेन, फँटॅस्टिक फोर, थंडरबोल्ट्स, जुने अ‍ॅव्हेंजर्स, या साऱ्यांना अडीच-तीन तासांत न्याय द्यायचा, आणि प्रेक्षक ज्याला अजून नीट ओळखतही नाही असा डूम हा खलनायक मध्यभागी उभा करायचा. ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये दिग्दर्शक रुसो बंधूंनी हे साधले ते थॅनोस या खलनायकाला जवळपास नायकाची जागा देऊन, आणि त्याची चाहूल आधीच्या अनेक चित्रपटांनी दिली होती. डूमच्या मागे तशी पुण्याई नाही. मूळ योजना कँग या खलनायकाभोवतीची होती, ती मोडल्यावर २०२४ मध्ये डूमची घोषणा झाली.

त्यातही डाउनीला परत आणणे मला दुधारी वाटते. २००८ पासून अकरा वर्षे ज्या चेहऱ्याने ही मालिका उभी केली, ज्याच्या मरणावर ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’चा शेवट तोलला होता, तोच चेहरा मुखवट्याआड खलनायक म्हणून येणार. यामागे कथेतले सबळ कारण असेल तर तो थरारक प्रसंग ठरेल, आणि नसेल तर त्याने साकारलेल्या टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, त्यागाचे मोल आपल्या मनात कायमचे कमी होईल. माझ्या दृष्टीने चित्रपटाचे बरेवाईट याच एका उत्तरावर ठरणार आहे.

‘एंडगेम’चा जवळपास २८० कोटींचा आकडा मी बाजूलाच ठेवतो. त्यातले ६० कोटींहून अधिक एकट्या चीनमधून आले होते आणि तिथला प्रेक्षक आता अशा चित्रपटांकडे तसा वळत नाही. शिवाय १८ डिसेंबरलाच ‘ड्यून’चा तिसरा भाग येत आहे, मोठ्या पडद्यावर पैसे खर्च करायला तयार असणारा प्रौढ प्रेक्षक दोघांचा एकच आहे. माझा अंदाज १५० ते २०० कोटींचा आहे. सुरुवात प्रचंड होईल. नाताळच्या सुट्टीमुळे दुसऱ्या आठवड्यातली घसरणही एरवीपेक्षा कमी दिसेल, म्हणून या एका चित्रपटासाठी मी नवीन वर्षाच्या पहिल्या पंधरवड्याचे आकडे पाहूनच मत बनवणार आहे.

‘क्लेफेस’बद्दल थोडक्यात. देखणा नट, विद्रूप झालेला चेहरा आणि मातीसारखे बदलणारे शरीर अशी ही भयकथा माइक फ्लॅनगन यांनी लिहिली आहे, दिग्दर्शन जेम्स वॉटकिन्स यांचे आहे आणि खर्च इतरांच्या मानाने पुष्कळच कमी ठेवला आहे. नुकसानीची भीती कमी असली की लेखकाला मोकळीक मिळते. वर्षातला अनपेक्षित आनंद याच चित्रपटाकडून मिळेल अशी माझी अटकळ आहे.

२०२७ ची यादीही लांबलचक आहे. ९ जुलैला गन यांचा ‘मॅन ऑफ टुमारो’, १ ऑक्टोबरला मॅट रीव्हज यांच्या ‘बॅटमॅन’चा दुसरा भाग, १७ डिसेंबरला ‘सीक्रेट वॉर्स’. पण मला ओढ आहे ती ‘बियाँड द स्पायडर-व्हर्स’ या अ‍ॅनिमेशनपटाची. २०२३ मध्ये त्याचा आधीचा भाग ऐन रंगात असताना, त्याचा नायक माइल्स परक्या विश्वात बांधलेला असताना थांबला होता. मार्च २०२४ ची ठरलेली तारीख सोडून निर्मात्यांनी तीन वर्षांहून अधिक वेळ घेतला आहे, आणि पहिल्या भागाचे सुमारे ३८ कोटी दुसऱ्या भागात ६९ कोटींवर गेले होते ते कोणत्याही खुर्च्या न दाखवता. माइल्सला त्या दोरांतून सुटताना पाहायला पहिल्या दिवशीच जायचे, हे माझे आताच ठरले आहे.