विधिमंडळाच्या पटलावरचे कागद: कुठला उघडावा, कुठला सोडावा

राज्याचे विभाग विधिमंडळाला काय सांगतात हे वाचायला आता नरिमन पॉइंटच्या विधानभवनाचा पास लागत नाही. अधिवेशन नागपूरला असो की मुंबईत, बरेचसे कागद फुकट आणि घरबसल्या मिळतात. पंचाईत होते ती निवडताना. एकाच योजनेबद्दल आर्थिक पाहणी एक सांगते, विभागाचं कार्यक्रम अंदाजपत्रक दुसरं, मंत्र्यांचं उत्तर तिसरं आणि कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारं महालेखापरीक्षकांचं कार्यालय, चौथंच. म्हणून संस्थेचे कार्यकर्ते, पत्रकार किंवा नियम शोधत बसलेला सोसायटीचा सेक्रेटरी यांच्या नजरेतून या सेवेचं हे परीक्षण. निकष साधा आहे: प्रश्न कुणी विचारला? विभागाने आपणहून लिहिलेला कागद असेल तर हात राखूनच वाचावा.

सर्वांत कामाची वस्तू म्हणजे प्रश्नोत्तरांची यादी. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचा, साचा ठरलेला असतो. ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग ‘(१) हे खरे आहे काय’, मधे चौकशी झाली का, निष्कर्ष काय, कार्यवाही काय, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरही त्याच क्रमांकांनी येतं आणि खरी गंमत तिथेच असते. पहिल्या उपप्रश्नाला ‘हे खरे नाही’ म्हटलं की खालच्या सगळ्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ लावून विभाग मोकळा होतो. बरेचदा सदस्याने महिना चुकवलेला असतो किंवा रक्कम थोडी इकडेतिकडे झालेली असते, तेवढ्यावर अख्खा प्रश्न निकालात निघतो. त्यामुळे ‘हे खरे नाही’ म्हणजे प्रकरण घडलंच नाही असं समजू नये. प्रश्नातला प्रत्येक तपशील सुटा करून नेमकं काय नाकारलंय ते बघावं. ‘अंशतः खरे आहे’ दिसलं की थांबून वाचावं, कारण कुठला अंश खरा हे सांगताना विभागाला आकडे द्यावे लागतात. ‘माहिती घेण्यात येत आहे’ असेल तर तारखेची नोंद ठेवून पुढच्या अधिवेशनाच्या यादीत तोच विषय शोधावा.

प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी चर्चेला येतात ते मोजकेच प्रश्न, बाकीच्यांची लेखी उत्तरं यादीतच राहतात. म्हणजे नुसतं थेट प्रक्षेपण बघून भागत नाही. उलट ‘चौकशी करू’, ‘तपासून घेऊ’ ही मंत्र्यांची वाक्यं त्या चर्चेतच निघतात. ती आश्वासन धरली जातात आणि त्यांचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. यादीला पाचपैकी चार. एक गुण शोधसोयीचा कापला: पानं स्कॅन केलेली असतील तर शब्द टाकून काहीच सापडत नाही, आणि जुन्या फाँटमधला मजकूर कॉपी केला की अक्षरांचा चिवडा होतो. अशा वेळी विभागाचं नाव आणि प्रश्न क्रमांक यांवरून जाणं बरं.

दुसरा क्रमांक कॅगचा. संविधानाच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्याचे लेखापरीक्षण अहवाल राज्यपालांकडे जातात आणि त्यांच्यामार्फत सभागृहात ठेवले जातात. माल दर्जेदार, पण पोचतो उशिरा आणि अनेकदा अधिवेशन गुंडाळायच्या दिवशी, म्हणजे त्यावर चर्चेला वेळच उरत नाही. मुंबई महापालिकेच्या कामांवरचा विशेष अहवाल २५ मार्च २०२३ रोजी, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात आला. तपासणीत सुमारे १२ हजार कोटी रुपयांची कामं होती. २० कामं, २१४.४८ कोटींची, निविदा न मागवता दिलेली. ६४ कामांत, ४,७५५.९४ कोटींच्या, कंत्राटदाराशी करारच झालेला नाही.

हे आकडे वाचताना हमखास एक चूक होते. २१४.४८ कोटी ही त्या कामांची किंमत आहे, बुडालेली रक्कम नव्हे. नुकसान किती हे अहवाल वेगळं सांगत असेल तरच तसं लिहावं. शिवाय कॅग निवडक कामं तपासतं, तेव्हा त्यावरून सगळ्या शहराचा किंवा राज्याचा आकडा काढू नये. सारांश वाचून झाला की थेट परिशिष्टं उघडावीत, आपल्या भागातल्या कामाचं नाव सापडलं तर तिथेच. परिच्छेदाच्या शेवटी शासनाचं उत्तर असतं, किंवा उत्तर मिळालं नाही असा शेरा असतो. पुढे अहवाल लोकलेखा समितीकडे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे, जातो, विभागाच्या सचिवांची साक्ष होते. आपल्याला हवं ते कित्येकदा समितीच्या अहवालात असतं, पण तोवर बरंच पाणी वाहून गेलेलं असतं.

चालू वर्षाच्या पैशासाठी वित्त विभागाची बीम्स प्रणाली, म्हणजे निधीचं वाटप आणि खर्च दाखवणारं संकेतस्थळ. मागणीच्या, म्हणजे विभागांनी सभागृहाकडे मागितलेल्या रकमांच्या, पुस्तकात अक्षरावरून विभाग ओळखावा: ई म्हणजे शालेय शिक्षण, आर म्हणजे सार्वजनिक आरोग्य, टी म्हणजे आदिवासी विकास. मग चार आकडी मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचा क्रमांक, उदाहरणार्थ आरोग्याचं २२१०. अर्थसंकल्प, वितरण आणि खर्च हे तीन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघावेत. पहिल्या दोघांत मोठी दरी असेल तर निधी वरच अडकलाय, नंतरच्या दोघांत असेल तर खाली. आणि इथला ‘खर्च’ म्हणजे कोषागारातून पैसे निघाले इतकंच. ते बँक खात्यात पडून आहेत की लाभार्थ्याच्या हातात पडले, ते या पडद्यावर कळत नाही.

नियमांच्या बाबतीत मात्र सेवा ग्राहकाला चक्रावून टाकते. लोक नियम शोधायला शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जातात. शासन निर्णय हा प्रशासकीय आदेश, तो पटलावर, म्हणजे सभागृहापुढे, ठेवायची सक्ती नसते. कायद्याखालचे नियम राजपत्रात येतात: राज्याच्या अधिनियमाखालचे असतील तर भाग चार-ब, केंद्राच्या अधिनियमाखालचे असतील तर भाग चार-अ. बहुतेक अधिनियमांतल्या कलमाप्रमाणे ते दोन्ही सभागृहांपुढे एकूण तीस दिवस ठेवावे लागतात, एका अधिवेशनात किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून. पण या तीस दिवसांत नियम थांबलेला नसतो, तो आधीच लागू झालेला असतो. दोन्ही सभागृहांनी बदल किंवा रद्द करायचं ठरवलं तरी तोवर त्याखाली झालेल्या गोष्टी वैधच राहतात. म्हणजे आपल्याला तोंड उघडायची खरी जागा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा, अधिसूचनेत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत देऊन. या भागाला पाचपैकी दोन, तेही राजपत्र ऑनलाइन मिळतं म्हणून.

माहिती आयोग, महारेरा (घरबांधणी प्रकल्पांचं नियामक प्राधिकरण), वीज नियामक आयोग, लोकायुक्त यांचे वार्षिक अहवालही कायद्याने सभागृहापुढे येतात. प्रलंबित प्रकरणांचा तक्ता बघावा, प्रस्तावना सोडून द्यावी. सरकारी कंपन्यांच्या अहवालात आधी कॅगचे अभिप्राय काढावेत, नफ्यातोट्याचं पान नंतर.

एवढं करूनही धागा तुटला तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, शुल्क दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये. पटलावर न आलेला अहवाल मागितला तर विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचं कारण देऊन नकार येऊ शकतो. त्याऐवजी मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे जावं, अहवालाचं वर्ष आणि परिच्छेद क्रमांक लिहावा, आणि एवढंच विचारावं: या परिच्छेदावर कुणाला नोटीस काढली, वसुली किती झाली, कुठल्या तारखेला.