वरचे साडेबारा हजार कुठे वसूल झाले: लॅपटॉपचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, नवा लॅपटॉप घेतला. जुना २०१७ चा होता, सातव्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर असलेला. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे जाहीर झालं होतं. माझ्या मशीनवर लोकांची बँक स्टेटमेंट्स असतात, जीएसटीची लॉगिन्स असतात. ते जुन्या सिस्टीमवर ठेवणं मनाला पटेना.

माझा वापर आधी सांगते, कारण सगळं गणित त्यावर आहे. मी ठाण्यात, पाचपाखाडीत घरूनच अकाउंट्सचं काम करते. तीन सोसायट्यांचे हिशोब, आठ-दहा दुकानदारांचे जीएसटी रिटर्न, आणि आठवड्यातून दोनदा ऐरोलीला एका क्लायंटकडे जाणं. संध्याकाळी मुलगी त्याच लॅपटॉपवर अभ्यास करते. घरात गेम कोणी खेळत नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही.

मूळ मॉडेल ५२,००० चं होतं: आय फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम (चालू कामांची मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (फाइल्स साठवायची जागा). मी वर साडेबारा हजार घातले. ८ जीबी जास्तीच्या रॅमचे ४,०००, चांगल्या स्क्रीनचे ५,००० आणि वाढीव वॉरंटीचे ३,५००. दुकानदार मात्र पहिल्यापासून एकच सांगत होता, "ताई, आय सेव्हन घ्या, पाच वर्षं बघायला नको." त्याचे ११,००० वर होते.

ते मी घेतलं नाही, आणि आज त्याचं फार समाधान आहे. समोर होते ते दोन प्रोसेसर म्हणजे आय फाइव्ह १३३५यू आणि आय सेव्हन १३५५यू. दोन्हींत १० कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), दोन्हींची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, कॅश म्हणजे प्रोसेसरची स्वतःची छोटी मेमरीसुद्धा दोन्हींत १२ एमबी. फरक मुख्यतः कमाल वेगाचा: एकाचा ४.६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ५. तोही थोडा वेळच मिळतो, कारण पातळ लॅपटॉप तापला की दोघंही वेग कमी करतात. नाव मोठं म्हणून ११,००० देणं मला योग्य वाटलं नाही. प्रोसेसर बघताना आय फाइव्ह की आय सेव्हन यापेक्षा पूर्ण नंबर आणि शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जोरकस पण तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा.

आता रॅम. यावर मी मुद्दाम जास्त लिहिते आहे, कारण आमच्या घरात एकदा फटका बसलेला आहे. ह्यांनी २०२१ मध्ये ८ जीबीचा लॅपटॉप घेतला, तेव्हा दुकानात "नंतर वाढवता येईल" असं सांगितलं होतं. दोन वर्षांनी तो रखडायला लागला म्हणून नौपाड्यात एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मागचे स्क्रू काढले, कडेने प्लॅस्टिकची पट्टी फिरवत झाकण सोडवलं आणि बोट ठेवून दाखवलं. बोर्डवर चार काळ्या चौकोनी चिप, शेजारी काहीच नाही. "मॅडम, रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली आहे. स्लॉटच नाही, लावू कुठे?" ह्यांनी काही न बोलता झाकण परत लावून घेतलं. चांगली बॅटरी, चांगला कीबोर्ड असलेलं मशीन एका तोंडी आश्वासनापायी कमी उपयोगाचं झालं. याचा राग मला अजून आहे.

म्हणून या वेळी पैसे देण्याआधी मॉडेल नंबरावरून कंपनीच्या साइटवरची माहिती उघडून बघितली. ८ जीबी बोर्डवर आणि एक स्लॉट मोकळा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याच स्लॉटमध्ये दुकानातच ८ जीबी घालून घेतली. दुकानात लावलेल्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून स्लॉट मोजता येतात हे खरं, पण सोल्डर केलेली रॅमही कधी कधी तिथे स्लॉट म्हणूनच दिसते, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

फरक किती पडला? मार्चअखेरीला एका दुपारी टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर, एक्सेलच्या दोन मोठ्या फाइल्स, ब्राउझरमध्ये वीसेक टॅब, सात-आठ पीडीएफ आणि क्लायंटचा व्हिडिओ कॉल, इतकं एकदम चालू होतं. टास्क मॅनेजरमध्ये वापर ११ जीबीच्या वर दिसत होता. ८ जीबी असती तर उरलेलं सगळं एसएसडीवर ढकललं गेलं असतं आणि प्रत्येक विंडो बदलताना अडकायला झालं असतं. शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की स्क्रीनसाठीची मेमरीही याच रॅममधून जाते, म्हणजे ८ मधले पूर्ण ८ हाती येतच नाहीत. आणखी एक गोष्ट घडली. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरी चिपची मागणी वळली आणि रॅमचे भाव एकदम चढले. "आत्ता ८ घ्या, पुढे टाकू" असा विचार केला असता तर तेच ४,००० कितीतरी जास्त झाले असते.

पण सगळ्यात जास्त वसूल झाली ती स्क्रीन. हे मला घेताना कळलं नव्हतं. मूळ आणि वरचे पैसे भरून घेतलेली, दोन्ही स्क्रीन फुल एचडीच, त्यामुळे कागदावर सारख्याच वाटत होत्या. स्वस्तातली २५० निट्सची आणि ४५ टक्के एनटीएससी, माझी ४०० निट्सची आणि १०० टक्के एसआरजीबी. निट्स म्हणजे उजेडाचं माप, बाकीची दोन रंग किती दाखवते त्याची मापं. माझं टेबल गॅलरीच्या दाराशी आहे. दुपारी दोननंतर ऊन समोरच्या इमारतीच्या भिंतीवर पडून आत येतं. ह्यांच्या लॅपटॉपवर त्या वेळी एक्सेलच्या फिकट राखाडी रेषा दिसेनाशा होतात. मग स्क्रीन मागे वळव, मान पुढे काढ, शेवटी पडदा ओढून दिवा लाव. माझ्यावर त्याच वेळी रकाने स्वच्छ दिसतात. २० तारखेच्या आधी, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरण्याच्या दिवसांत, मी आठ-आठ तास त्या रेषांकडे बघते. संध्याकाळी डोळे चुरचुरणं पुष्कळ कमी झालं आहे. आणि स्क्रीन ही अशी वस्तू आहे की पुढे पैसे आले तरी सहसा कोणी बदलून घेत नाही.

एसएसडीवर मी काही जास्त घातलं नाही. ५१२ ची विंडोजमध्ये ४७६ जीबीच दिसते, घाबरू नका, मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे. आठ महिन्यांत १९० जीबी भरली. पुढे लागलीच तर बदलता येईल. ग्राफिक्स कार्ड आणि टचस्क्रीन यांचा विचारही केला नाही.

वजनाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. माझा १.६ किलोचा आहे. ठाण्याला नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली दोनच स्टेशनं, पण संध्याकाळी परतताना उभं राहूनच यावं लागतं आणि एका खांद्यावर बॅग असते. जुना सव्वादोन किलोचा होता, वर त्याचा जाड चार्जर. आताचा टाइप-सी वर चार्ज होतो, ६५ वॅटचा एकच चार्जर लॅपटॉपला आणि फोनलाही चालतो. बॅगेतली एक वस्तू कमी झाली. नंबरांचा वेगळा पॅड मला हवाच होता, म्हणून चौदा इंची न घेता १५.६ इंची घेतला. अकाउंट्सवाल्यांनी यात तडजोड करू नये असं मला मनापासून वाटतं.

बॅटरी सुरुवातीला टॅली-एक्सेलवर सहा तास जायची, आजही साधारण तितकीच जाते. घरी तो सतत प्लगला असतो म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलं आहे. लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर उतरते.

आता जिथे माझं चुकलं ते. वाढीव वॉरंटीचे ३,५०० काउंटरवरच दिले. जानेवारीत एंटरचं बटण अडकायला लागलं तेव्हा माणूस घरी येऊन कीबोर्ड बदलून गेला, पण ते पहिल्या वर्षाच्या मूळ वॉरंटीतच होतं. नंतर कळलं की माझ्या कंपनीची वाढीव वॉरंटी पहिलं वर्ष संपायच्या आत कधीही घेता येते. थांबता आलं असतं. शिवाय माझ्या प्लॅनमध्ये पाणी सांडणं, पडणं येत नाही. त्यासाठी वेगळा प्लॅन असतो हे मी विचारलंच नव्हतं. घरात मूल असेल तर तो विचारा.

स्पीकर क्षीण आहेत. मुलीला ऑनलाइन लेक्चर हेडफोन लावूनच ऐकावं लागतं.

या रविवारी कोपरखैरण्याच्या नणंदेबरोबर वाशीला जायचं आहे. ती क्लासेस घेते, दिवसभर मराठी टायपिंग आणि पीपीटी. "वहिनी, तुम्हीच ठरवा" म्हणाली, पण मी तिला तिच्या वापराची यादी करायला सांगितली आहे. दुकानात दोन मॉडेल काढून ठेवली आहेत. एकात १६ जीबी आणि ३०० निट्सची स्क्रीन, दुसऱ्यात आय सेव्हन, ८ जीबी आणि २५० निट्स. किंमत जवळजवळ सारखी. दुपारीच जाणार आहोत, म्हणजे दोन्ही दाराशी, उजेडात उघडून एकच एक्सेल फाइल लावून बघता येईल.